चयापचयज : शरीराने ठेवलेली खूण आणि तिचे वाचन



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला या शाळेत रसायनशास्त्र शिकवीत. मी मात्र जन्मभर मराठी शिकविले. त्यामुळे यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेतील विषय वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटले असेल. तेव्हा हा विषय माझ्याकडे कसा चालत आला, ते प्रथम सांगणे उचित होईल.

काही वर्षांपूर्वी माझे एक जुने विद्यार्थी संध्याकाळच्या वेळी घरी आले. बरोबर पत्नी आणि तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा. मुलाला एके ठिकाणी नोकरी मिळाली होती. रुजू होण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या लघवीची चाचणी झाली होती आणि तिचा एक पानी इंग्रजी अहवाल घेऊन ही मंडळी आली होती. ‘‘सर, एवढ्या शब्दांचा नेमका अर्थ सांगा,’’ ते म्हणाले. अफूवर्गीय द्रव्यांच्या रकान्यापुढे दोन शब्द छापले होते : ‘प्रिझम्प्टिव्ह पॉझिटिव्ह’. घरातल्या सर्वांनी दुसरा शब्द वाचला होता. पहिला कोणी वाचलाच नव्हता. आईने तीन दिवस मुलाशी बोलणे टाकले होते. मुलगा पुन्हा पुन्हा एवढेच सांगत होता की, आपण खोकल्याच्या औषधाखेरीज काहीही घेतलेले नाही.

त्या पहिल्या शब्दाचा अर्थ ‘अनुमानित’. आपल्याकडे न्यायशास्त्राने अनुमानाला प्रमाणाचा दर्जा दिलेला आहे, पण तो अटीवर. पर्वतावर धूर दिसला, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान खरे. मात्र जे दिसले तो धूरच असला पाहिजे. धुक्याला धूर समजणाऱ्याचे अनुमान फसते. मादक द्रव्यांच्या तपासणीचे सारे शास्त्र या धुराच्या आणि धुक्याच्या निवाड्यावर उभे आहे, हे त्या रात्री मला ठाऊक नव्हते. मी त्यांना विशेषणाचा अर्थ तेवढा सांगितला. बाकीचे पुढे काही महिने वाचून, डॉक्टर मित्रांना विचारून शिकलो. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

भाकरीचा घास न गिळता बराच वेळ चघळत राहावे. हळूहळू तो गोड लागू लागतो. सरांचा हा वर्गातला आवडता प्रयोग होता आणि तो करून पाहण्याच्या निमित्ताने आम्ही मधल्या सुट्टीपूर्वीच डबे रिकामे करीत असू. लाळेतील विकर भाकरीतल्या पिष्टाची साखर करते. जे तोंडात घातले ते आणि जे पुढे पोटात गेले ते, या दोन भिन्न वस्तू झाल्या. शरीरात अखंड चाललेल्या अशा घडामोडींना आपण चयापचय म्हणतो. चय म्हणजे रचणे, अपचय म्हणजे मोडणे. या व्यापारात मूळ पदार्थापासून जो नवा पदार्थ निपजतो तो मेटाबोलाइट. ‘मेटाबोले’ या ग्रीक शब्दाचा अर्थच बदल. मराठीत त्यास ‘चयापचयज’ म्हणावे, असे मला वाटते. पंकज, जलज या शब्दांत जो ‘ज’ आहे तोच येथे आहे.

खाल्लेली वस्तू बदललेल्या रूपाने बाहेर पडते, हे फार पूर्वी प्रयोगाने सिद्ध झाले. 1842 मध्ये जर्मनीत विल्हेल्म केलर नावाच्या अभ्यासकाने बेंझोइक आम्ल स्वतः घेतले आणि आपले मूत्र तपासले. त्यात त्याला हिप्युरिक आम्ल मिळाले. शरीराने मूळ आम्लाला ग्लायसिन नावाचा आपल्याजवळचा एक घटक जोडून मग त्याची बोळवण केली होती. ‘हिप्युरिक’ या नावात ग्रीक भाषेतले घोडा आणि मूत्र हे दोन शब्द दडलेले आहेत, कारण हे आम्ल आधी घोड्याच्या मूत्रात सापडले होते. असो. शब्दांचा नाद सुटत नाही.

शरीर असे का करते? मादक द्रव्ये बहुधा स्निग्ध पदार्थांत विरघळणारी असतात. म्हणूनच ती मेंदूत सहज शिरतात आणि आपला प्रभाव दाखवितात. परंतु मूत्रावाटे बाहेर जायचे तर पाण्यात विरघळावे लागते; स्निग्ध वृत्तीचा पदार्थ मूत्रपिंडात गाळला गेला तरी पुन्हा रक्तात शोषला जातो. येथे यकृताचे काम सुरू होते. त्यातील ‘सायटोक्रोम पी-450’ या कुळातील विकरे पदार्थाला ऑक्सिजन जोडतात किंवा त्याचा एखादा तुकडा छाटतात. पुढच्या टप्प्यात त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल नावाचे, साखरेच्या नात्यातले, एक शेपूट लावले जाते आणि पदार्थ पाण्यात सुखाने विरघळतो. या क्रियेला पुस्तकांतून कधी कधी ‘निर्विषीकरण’ म्हणतात, ते मला तितकेसे पटत नाही. कित्येकदा निपजलेला पदार्थ मुळाहून अधिक प्रभावी असतो. खोकल्याच्या काही औषधांत असणाऱ्या कोडीनचे उदाहरण घ्या. त्याचा लहानसा भाग, साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी, शरीरात मॉर्फीन बनतो आणि कोडीनचा वेदनाशामक गुण मुख्यतः त्या मॉर्फीनमुळे येतो. हे रूपांतर काही माणसांत फार वेगाने होते, काहींत जवळजवळ होतच नाही. विकरांचा वारसा प्रत्येकाचा निराळा.

आता लक्षात येईल की, तपासणी करणारा माणूस मूत्रात मूळ द्रव्य का शोधत बसत नाही. हेरॉइन रक्तात गेल्यावर काही मिनिटांतच निम्मे नाहीसे होते. कोकेन तासाभरात निम्म्यावर येते. पण त्यापासून होणारे बेंझॉइलेक्गोनिन मूत्रात दोन ते चार दिवस सापडत राहते. पाहुणा निघून गेला, तरी अंगणात पावले उमटलेली असतात. शिवाय चयापचयजाचा आणखी एक उपयोग आहे. गांजाचा धूर बाहेरून केसांना लागू शकतो. परंतु गांजातील टीएचसी या द्रव्याचे कार्बॉक्सी-टीएचसी हे रूप शरीराच्या आतच तयार होते. ते केसात सापडले, तर द्रव्य देहातून गेले आहे, एवढे निश्चित.

एवढे निश्चित, पण त्यापुढचे? येथून विषय अवघड होतो, आणि आपल्या माळव्याच्या मुलखाशी त्याचा संबंधही येथेच येतो.

मंदसौर, नीमच, रतलाम या भागांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते, हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले असेल. हिरव्या बोंडांना चिरे द्यायचे, पाझरलेला चीक खरवडून घ्यायचा आणि तो सरकारच्या हवाली करायचा. नीमचला त्याचा सरकारी कारखाना आहे आणि या सर्व व्यवहारावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय आपल्या ग्वाल्हेरात आहे. त्या चिकात मॉर्फीन असते, कोडीनही असते. मॉर्फीनवर रासायनिक क्रिया करून हेरॉइन करतात. 1898 पासून बायर या जर्मन कंपनीने ते खोकल्याचे औषध म्हणून विकले होते, ही गोष्ट आज खरी वाटू नये अशी आहे. आणि त्याच बोंडात, चिकाने थोडीफार माखलेली, आपल्या स्वयंपाकघरातली खसखस असते.

आता शरीरात काय होते ते पाहा. हेरॉइन प्रथम एका मधल्या रूपात जाते. त्याचे नाव 6-मोनोअॅसिटिलमॉर्फीन. ते लवकरच मॉर्फीन होते. कोडीनचा काही भाग मॉर्फीन होतो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दिलेले मॉर्फीन तर मॉर्फीनच असते. खसखशीबरोबर पोटात गेलेला चिकाचा अंशही मॉर्फीनच. चार निरनिराळ्या वाटा एकाच घाटावर उतरतात आणि तपासणारा त्या घाटावर उभा असतो. ‘मूत्रात मॉर्फीन सापडले’ या एका वाक्याने त्या चारांपैकी कोण येऊन गेला, हे कळत नाही.

हा केवळ तर्काचा खेळ नव्हे. अमेरिकेत सरकारी नियमांनुसार होणाऱ्या कामगारांच्या तपासणीत पूर्वी अफूवर्गीय द्रव्यांची मर्यादा दर मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅम होती. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जांश. दहा लाख लिटरच्या टाकीत तीनशे ग्रॅम विरघळवावे, तेवढे हे प्रमाण. खसखस लावलेला पाव खाणारेही या मर्यादेपलीकडे जातात, असे दिसून आल्यावर 1998 मध्ये ती 2000 वर नेली गेली. पण हा नियम सरकारी तपासणीपुरता. खाजगी संस्थांना आपली मर्यादा ठरविण्याची मोकळीक राहिली. 2010 मध्ये पेन्सिल्व्हेनिया राज्यात एक स्त्री प्रसूतीसाठी रुग्णालयात गेली. जाण्यापूर्वी तिने खसखस लावलेला ‘बेगल’ हा पाव खाल्ला होता. रुग्णालय जुन्या, 300 च्या मर्यादेने तपासणी करीत होते. चाचणी होकारार्थी आली आणि तीन दिवसांची तान्ही मुलगी बालकल्याण खात्याने आईपासून काढून नेली. पाच दिवसांनी ती परत मिळाली. पुढे दावा झाला आणि 2013 मध्ये 1,43,500 डॉलर भरपाई देऊन तो मिटविण्यात आला. पैसे मिळाले खरे. पण बाळंतिणीच्या त्या पाच दिवसांची भरपाई कोणी कशी मोजावी? फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांना खसखस टाळण्याची सूचना दिली, तीही याच कारणाने.

आपल्या घरी अनारशांना खसखस लागते, भाज्यांच्या वाटणात ती पडते, माळव्यात तिचा हलवाही होतो. म्हणून कोणी भयभीत होऊ नये. खसखशीवर चिकाचा अंश किती राहतो, हे ती कोठे पिकली आणि कशी धुतली यावर अवलंबून असते. धुण्याने आणि भाजण्याने तो पुष्कळ कमी होतो. तरीही तपासणीला जाणाऱ्याने आदल्या दोन-तीन दिवसांत काय खाल्ले आणि कोणती औषधे घेतली, हे आठवून ठेवणे शहाणपणाचे.

मग घाटावर उतरलेला नेमका कोण, हे ओळखायचे कसे? जुन्या हस्तलिखितांच्या अभ्यासात आम्हांला असाच प्रश्न पडतो. दहा पोथ्यांत एकच ओवी असते. परंतु एखाद्या लेखकाची विशिष्ट चूक एकाच शाखेच्या पोथ्यांत उतरलेली असते आणि त्या चुकीवरून पोथीचे कूळ उमगते. येथे ते काम मघाचे मधले रूप, 6-मोनोअॅसिटिलमॉर्फीन, करते. ते हेरॉइनपासूनच होते. खसखशीपासून होत नाही, कोडीनपासून होत नाही. ते सापडले की हेरॉइनचा माग लागला. अडचण इतकीच की ते मूत्रात बहुधा एका दिवसाहून कमी काळ टिकते. म्हणून ते न सापडणे हा निर्दोषत्वाचा पूर्ण पुरावा होत नाही. अशा वेळी कोडीन आणि मॉर्फीन यांचे परस्पर प्रमाण पाहावे लागते. कोडीनचे औषध नुकतेच घेतले असेल तर कोडीन अधिक आणि मॉर्फीन कमी आढळते. मात्र शेवटी शेवटी कोडीन निघून जाऊन नुसते मॉर्फीन मागे राहू शकते, तेव्हा नमुना केव्हा घेतला हेही पाहावे लागते.

हे सर्व पहिल्या चाचणीला दिसत नाही. ती चाचणी प्रतिपिंडांवर, म्हणजे अँटिबॉडीजवर, चालते. विशिष्ट आकाराच्या रेणूला चिकटणारी प्रथिने नमुन्यात सोडतात. ती चिकटली की रंगात किंवा प्रकाशात फरक पडतो. स्वस्त, झटपट, शेकडो नमुन्यांना सोयीची. पण कुलपात मिळत्याजुळत्या दात्यांची दुसरी किल्लीही कधी फिरते. आम्लपित्तासाठी पुष्कळांनी वर्षानुवर्षे घेतलेले रॅनिटिडीन हे औषध काही चाचण्यांत अँफेटामीनचा भास निर्माण करते; सर्दीच्या औषधांतील स्यूडोएफेड्रीनही तसेच. म्हणून होकारार्थी नमुना दुसऱ्या पद्धतीने तपासायचा असतो. गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या जोडपद्धतीत प्रथम मिश्रणातील घटक एका लांब, बारीक नळीतून धाववून वेगळे करतात. प्रत्येक घटक आपापल्या वेळी बाहेर पडतो. मग त्याचे रेणू फोडून तुकड्यांची वजने मोजतात. तुकड्यांचा हा नमुना त्या रेणूची जणू बोटांची ठसेपट्टी. धूर की धुके, याचा निर्णय येथे लागतो.

उलट दिशेनेही चूक होते, हे सहसा कोणी बोलत नाही. मॉर्फीनसाठी घडविलेल्या प्रतिपिंडांना फेंटानिल दिसत नाही, ट्रामाडॉलही दिसत नाही. ट्रामाडॉल या वेदनाशामकाचा गैरवापर आपल्या देशात इतका वाढला की एप्रिल 2018 मध्ये ते मादक द्रव्यविषयक कायद्याखाली आणावे लागले. सामान्य चाचणीचा नकारार्थी कागद दाखवून निश्चिंत झालेल्या पालकांनी, नेमके काय शोधले गेले होते, हे विचारलेले बरे.

त्या मुलाच्या बाबतीत नमुन्याचा उरलेला भाग प्रयोगशाळेत राखून ठेवलेला होता. वडिलांनी लेखी मागणी केल्यावर दुसरी तपासणी झाली. कोडीन भरपूर, मॉर्फीन थोडे, 6-मोनोअॅसिटिलमॉर्फीन नाही. नमुना दिला त्या दिवशीही तो डॉक्टरांनी लिहून दिलेले कोडीनयुक्त औषध घेत होता आणि चिठ्ठी सापडली. या सर्वाला पाच आठवडे लागले. तोवर ती जागा दुसऱ्या उमेदवाराला देण्यात आली होती. पहिल्या अहवालावर निर्णय घेणाऱ्यांनीही, मला वाटते, दुसराच शब्द वाचला असावा.

गांजाचा प्रश्न निराळा आहे. तेथे वाटांचा घोळ नाही, काळाचा आहे. टीएचसी चरबीत मुरते आणि तेथून सावकाश रक्तात उतरते. एखाद्या वेळी घेणाऱ्याच्या मूत्रात त्याचे कार्बॉक्सी रूप तीन-चार दिवस सापडते. रोज घेणाऱ्याच्या मूत्रात, त्याने सोडल्यानंतरही, कित्येक आठवडे. हे रूप स्वतः नशा आणीत नाही. म्हणून ते सापडले यावरून माणूस नमुना देतेवेळी किंवा वाहन चालविताना धुंद होता, असे मुळीच म्हणता येत नाही. आपल्याकडे यात कायद्याची एक गंमत आहे. 1985 च्या एनडीपीएस कायद्यातील गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात. शेंड्यांविना असलेली नुसती पाने व बिया येत नाहीत. त्यामुळेच उज्जैनसारख्या ठिकाणी भांगेची परवानाधारक दुकाने चालतात. परंतु पानांतही टीएचसी असतेच आणि यकृताला कायद्याची व्याख्या ठाऊक नसते. शिवरात्रीच्या थंडाईचा आणि चोरून ओढलेल्या चिलमीचा चयापचयज एकच. ज्यांना हे ठाऊक नाही असे तरुण होळी उलटल्यावर वैद्यकीय तपासणीला जातात.

कधी अंशमात्रावरून प्रश्न उभा राहतो. फ्रेंच टेनिसपटू रिशार गास्के याच्या नमुन्यात 2009 मध्ये बेंझॉइलेक्गोनिन सापडले. एका तरुणीच्या चुंबनातून कोकेनचा अंश आपल्या तोंडात आला, असे त्याने सांगितले. ऐकणारे हसले, परंतु प्रमाण इतके नगण्य होते की क्रीडा लवादाने त्याच वर्षी डिसेंबरात त्याला निर्दोष ठरविले. उपकरणे जितकी सूक्ष्म, तितका ‘सापडले’ या क्रियापदाचा अर्थ पातळ होत जातो. मद्याचेही तसेच आहे. त्याचा हजारातल्या एका भागाहूनही लहान अंश एथिल ग्लुकुरोनाइड बनतो. तो मूत्रात तीन-चार दिवस सापडू शकतो आणि हात निर्जंतुक करण्याचा द्रव सतत वापरणाऱ्यांतही त्याची अल्प मात्रा आढळते.

दुसऱ्या बाजूने, या खुणांनी खऱ्या अपराध्यांना वर्षांनंतरही गाठले आहे, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. ओरल ट्युरिनाबोल हे स्नायुवर्धक द्रव्य काही खेळाडू घेत आणि स्पर्धेआधी थोडे दिवस थांबत. ज्ञात चयापचयज तोवर निघून जात. 2012 मध्ये मॉस्कोच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी त्याचे फार काळ टिकणारे चयापचयज प्रसिद्ध केले. बीजिंग 2008 आणि लंडन 2012 या ऑलिंपिकचे नमुने गोठवून जपलेले होते. ते नव्या दृष्टीने पुन्हा तपासले तेव्हा शंभरावर खेळाडू दोषी ठरले, त्यांत भारोत्तोलक पुष्कळ. पदके परत गेली. कोणाला आपण कांस्यपदकाचे मानकरी होतो, हे आठ वर्षांनी कळले.

भारतात एनडीपीएस कायद्याच्या 27 व्या कलमाखाली मादक द्रव्याचे सेवन हाच अपराध आहे. कोकेन, मॉर्फीन, हेरॉइन यांसाठी एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इतर द्रव्यांसाठी सहा महिने, दहा हजार. म्हणजे मूत्रातील काही नॅनोग्रॅमचे वाचन माणसाला तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊ शकते. त्याच कायद्यात 64-अ हे कलमही आहे. व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेण्यास गेला, तर त्याच्यावर सेवनाबद्दल खटला चालत नाही. हे दुसरे कलम मी भेटलेल्या पालकांपैकी एकालाही माहीत नव्हते. मुलगा खरोखरच व्यसनात सापडलेला असेल, तर घरी येणारा अहवाल त्याला लपविण्याकडे ढकलतो की उपचाराकडे नेतो, हे बरेचसे या माहितीवर अवलंबून राहते. माजी विद्यार्थ्यांत आज वकील आहेत, डॉक्टर आहेत, कारखानदारही आहेत. तुमच्यापुढे असा कागद आला, तर चाचणी पहिल्या टप्प्याची की दुसऱ्या, मर्यादा किती धरली होती, नमुना केव्हा घेतला, त्या सुमारास त्या व्यक्तीला कोणती औषधे चालू होती आणि उरलेला नमुना जपून ठेवला आहे काय, एवढे प्रश्न विचारून मगच त्या मुलाला किंवा मुलीला समोर बोलवावे, अशी माझी विनंती आहे.